तानूबाईच्या व्हळीत विमान

कोल्हापूर,
८ जानेवारी २००३

चि. आकाराम यास आशीर्वाद.

रविवारी तुझे विमान माझ्या अंगणातून गेले आणि आज तीन दिवस झाले तरी त्याबद्दल एका ओळीचा कागद माझ्याकडे आलेला नाही. म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

तुझ्या कंपनीची माणसे तुला घाईने जीपमध्ये घालून घेऊन गेली, हे मी पाहिले. पण जाताना तू माझ्याकडे पाहून हात जोडलेस, म्हणजे मला ओळखलेस. मीही ओळखले. आठवी ब, शेवटून दुसरा बाक. तेव्हा माझ्या प्रयोगशाळेचा नियम तुला आठवत असला पाहिजे. ज्याच्या हातून काही फुटेल, त्याने फुटतूट वहीत स्वतःच्या हाताने लिहायचे, तुकडे कागदात बांधून माझ्या ताब्यात द्यायचे आणि माझ्या सहीची पोच घ्यायची. तेहतीस वर्षे मी हा नियम मोडू दिला नाही. विमानाला वेगळा नियम नाही.

तुला टाळाटाळ करता येऊ नये म्हणून मी जे पाहिले ते लिहून ठेवते. उसावर लोकरी मावा पडला म्हणून कारखान्याने तुझ्या कंपनीचे औषध फवारणीचे विमान प्रात्यक्षिकाला बोलावले. माझ्या घरामागच्या माळावर चुन्याच्या दोन रेघा ओढून धावपट्टी केली. हलगी आली, फेटे आले, सगळे संचालक आले. नव्या गाडीची करतात तशी विमानाची पूजा करायचे ठरले. चेअरमनच्या पत्नीला नेमका ताप आला होता, तेव्हा संचालक अण्णासो माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, पूजा तुमीच करा की. निम्मं संचालक मंडळ तुमच्या हातचा मार खाल्लेलं हाय. तुमचा हात लागला की विमान बी सरळ जाईल."

मी असल्या गोष्टींत पडत नाही. पण काम अंगावर घेतले की नीटनेटके करते. शेजारच्या तानूबाईने नाकाला हळदीकुंकू लावले. मी आमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे ओली विभूती लावली, नाकाला, चाकांना आणि दोन्ही पंखांना, तीन-तीन बोटे. अण्णासो नारळ विमानाच्या नाकावर आपटायला निघाले होते, तो मी काढून घेऊन दगडावर फोडायला लावला. त्या दिवशी तुझ्या यंत्राची काळजी घेणारी माळावर मी एकटीच होते.

मग अण्णासोंना शेजारी बसवून तू वर गेलास. दहा मिनिटे फिरलास. उतरताना चुन्याची रेघ निम्मी संपली तरी चाके जमिनीला लागली नव्हती, आणि लागली तेव्हा विमान थांबायला तयार नव्हते. बांध ओलांडून, माझे कुंपण मोडून, माझा पर्जन्यमापक आडवा करून ते तानूबाईने रचलेल्या भाताच्या पिंजराच्या व्हळीत छातीपर्यंत घुसले. ती गंजी तिथे नसती तर आज मी हे पत्र तुझ्या बायकोला लिहीत असते. अण्णासो डोक्यात काड्या घेऊन खाली उतरले आणि तुला म्हणाले, "पावणं, उतरायची सोय झ्याक केलीसा. धक्का म्हणून लागला न्हाय." विमाने पिंजरातच उतरवतात अशी त्यांची अजून समजूत आहे आणि ती ते गावभर सांगत आहेत.

पर्जन्यमापक १९७१ पासूनचा आहे. एका दिवसाची नोंद चुकलेली नाही. मला लेखी खुलासा हवा. चूक कोणाची आणि कोणती, हे स्पष्ट शब्दांत लिही.

दानम्मा हत्तरकी

*

पुणे,
१३ जानेवारी २००३

ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

पाकिटावर तुमचं अक्षर बघितलं आणि बेचाळीस वर्षांचा माणूस खुर्चीवरनं उठून उभा राहिला. बायको अजून हसतीय.

खुलासा देतो. पळवाट काढत नाही. त्या विमानाच्या डाव्या पंखातून वीतभर लांबीची एक बारीक नळी पुढं आलेली असते. समोरचा वारा तिच्या तोंडातून आत शिरतो आणि त्याच्या दाबावर गतीचा काटा फिरतो. चढताना काटा बरोबर होता. उतरायला लागलो तसा तो घसरत गेला. गती कमी पडली तर विमान दगडासारखं खाली येतं, म्हणून मी इंजिन वाढवलं. काटा आणखी घसरला, मी आणखी वाढवलं. खरी गती हवी त्याच्या दीडपट झाली होती. पुढचं तुम्ही बघितलंच. बाई, काटा खोटं बोलला. सोळा वर्षं हवाई दलात काढली, पण असा तोंडावर खोटं बोलणारा काटा पहिल्यांदा भेटला.

कंपनी म्हणते काटा उत्तम आहे, काढून तपासला, चूक चालकाची. पुण्यात १० फेब्रुवारीला चौकशी आहे. चालकाची चूक ठरली तर माझा परवाना जाईल. मला दुसरं काही येत नाही. तुम्हीच प्रगतिपुस्तकावर लिहिलं होतं, "लक्ष कायम खिडकीबाहेर."

घोळ काट्यात नसला तर नळीत असणार. पण ती नळी मोडून कुठंतरी पडलीय आणि कंपनीच्या लोकांना सापडली नाही. त्यांनी फार शोधली असंही नाही. तुमच्या कुंपणापासून व्हळीपर्यंत नजर टाकाल का? सापडली तर पुसू नका, धुऊ नका.

जाता जाता एक विचारतो, रागावू नका. विभूती पंखांना लावलीत, ती नेमकी कुठं कुठं?

आपला विद्यार्थी,
आकाराम वरुटे

*

कोल्हापूर,
२० जानेवारी २००३

चि. आकाराम यास आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत.

विभूती पंखांना लावली म्हणजे पंखांना लावली. त्यात नेमके काय असते? ती वाळली की घट्ट होते हे खरे, पण शेवटी ती राख आहे, सिमेंट नव्हे.

नळीविषयी. माळ मोठा आहे. शिवाय तानूबाईच्या दोन म्हशी त्या व्हळीतले पिंजर रोज खातात. म्हशीच्या पोटात काय काय जाते हे मी कसे सांगू? तुझा काटा जुना असण्याची शक्यता तू गंभीरपणे तपासलेली दिसत नाहीस. आणखी एक सुचवते. कुंभारमाशी नावाची माशी दिसेल त्या भोकात चिखलाचे घर करते. माझ्या रेडिओच्या मागे तिने दोन घरे केली होती. चौकशीत हा मुद्दा कोणी मांडला आहे का? नसल्यास तू मांड.

कुंपण मी दुरुस्त करून घेतले आहे. पर्जन्यमापकाचे तू मनाला लावून घेऊ नकोस, जानेवारीत तसाही पाऊस नसतो.

सोबत तिळगूळ पाठवत आहे.

दानम्मा हत्तरकी

*

पुणे,
२७ जानेवारी २००३

ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला. चार वर्षं तुमच्या हाताखाली शिकलो, संक्रांतीला एकदासुद्धा वडी मिळाली नव्हती. आता टपालानं अर्धा किलो. बायको म्हणाली, "तुमच्या बाई किती मायाळू." मी दुसरी वडी उचलली.

विभूती वाळल्यावर घट्ट होते का, हे मी विचारलं नव्हतं, बाई.

असू दे. नळी शोधू नका. ती म्हशीनं खाल्ली असं मी धरून चालतो. कुंभारमाशी मात्र मला मांडता येणार नाही, कारण विमान माळावर उतरवलं तेव्हा सगळं मी हातानं तपासलं होतं आणि नळी स्वच्छ होती. ते पूजेच्या आधी. पूजेनंतर पुन्हा एक फेरी मारायला हवी होती. पण हलगी वाजत होती, चेअरमन घड्याळ बघत होते आणि अण्णासो पट्टा बांधून "चला की पावणं" म्हणत होते. तेवढी चूक माझी आहेच. मग "चालकाचा अंदाज चुकला" असं लिहून सही करून टाकावी म्हणतो. कागद कंपनीनं तयारच ठेवलाय.

तसंही दुसऱ्याच्या चुकीवर सही करायची मला सवय आहे. फुटतूट वही, १९७४, थर्मामीटर. तो मी फोडला नव्हता. पण तुम्ही अख्खा वर्ग तासभर उन्हात उभा केला होता, पोरं रडकुंडीला आली होती. कुणीतरी सही करणं भाग होतं. शिक्षा म्हणून माझी विमानतळाची सहल चुकली. ती चुकली नसती तर तिथंच विमान बघून हौस फिटली असती आणि आज मी तलाठी असतो.

परवाना गेला तर काळजी करू नका. आजऱ्याला मामाचा काजूचा कारखाना आहे, काजू फोडायला बसेन. बोटं काळी होतात म्हणतात, पण सवय होते.

आपला,
आकाराम

*

कोल्हापूर,
१ फेब्रुवारी २००३

चि. आकाराम यास,

नळी माझ्याकडे आहे. १७ जानेवारीपासून आहे. मागचे पत्र लिहिताना ती माझ्यासमोर चहाच्या रिकाम्या डब्यात होती.

तानूबाई घेऊन आली. म्हणाली, "म्हस तोंड लावंना म्हणून पिंजर उसकटून बघितलं, तर ह्यो पाइप. ह्याला तुमची इबूत लागलीया. देवाचं हाय, टाकायचं कसं? म्हणून तुमास्नी आणून दिला." तिने मला काहीच विचारले नाही. चहा घेऊन गेली.

नळीच्या तोंडात विभूती आहे, बोटाच्या पेराएवढी, खडूसारखी कडक. माळावर त्या दिवशी हजारभर माणसे होती. हळदीकुंकू असते तर दोष दहा बायकांत वाटून गेला असता. विभूती लावणारी मी एकटी होते.

ते कसे घडले ते लिहिते. पंखाला बोटे ओढताना कडेला पुढे आलेल्या नळीचे उघडे भोक दिसले. घरात भोक दिसले की मी लिंपते, नाहीतर मुंग्या शिरतात. पन्नास वर्षांची सवय आहे. बोटाने लिंपले आणि नीट दिसावे म्हणून कडाही पुसून घेतल्या. हे यंत्राचे भोक आहे, ते कोणीतरी कशासाठी तरी ठेवले असेल, हा विचार बी. एस्सी. झालेल्या बाईच्या मनात आला नाही. तू वर गेल्यावर तरी आला असेही नाही. तो तुझ्या १३ तारखेच्या पत्रानंतर आला.

तरीही मला खात्री करायची होती. सायकलवाल्या ज्ञानूकडून तशीच एक नळी कापून आणली, ओल्या विभूतीने लिंपली आणि टेबलपंख्यासमोर बांधली. आधी ओल्या लेपात बारीक फट राहते आणि वारा जातो. मग लेप वाळत आत सरकतो. अकरा मिनिटांत तोंड पूर्ण बंद झाले. तुझ्या विमानापुढे वारा जास्त, म्हणून तुला त्याहून कमी लागली असतील. वर असताना बंद झाले, म्हणजे तिथला दाब नळीत कोंडला. तू खाली आलास तसा बाहेरचा दाब वाढला आणि काटा उतरला. तुझा खुलासा बरोबर आहे. प्रयोग तीन वेळा केला, कारण पहिल्या दोन वेळा आलेले उत्तर मला आवडले नव्हते.

मग गप्प का बसले? विज्ञान शिकवणाऱ्या बाईने पूजा करून विमान पाडले, असे वर्तमानपत्रात छापून येईल म्हणून. एवढेच कारण आहे. दुसरे चांगलेसे शोधून मला देऊ नकोस.

आता थर्मामीटर. तो गुंडू शिपायाच्या हातून फुटला होता. तू सही केलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला येऊन सांगितले. त्याची नोकरी पक्की व्हायची होती, आणि वहीत एक सही आधीच होती. मी वही मिटली. तुला सहलीला पाठवले असते तर का पाठवले असे कोणीतरी विचारले असते, म्हणून पाठवले नाही. बस सुटली तेव्हा तू फाटकाला लोंबकळून पाहत होतास. हे मी विसरले आहे असे तुला वाटत असेल तर तसे नाही.

दुसऱ्याच्या चुकीवर तुझी सही मी एकदा चालवून घेतली. पुन्हा चालणार नाही. कंपनीच्या कागदावर सही केली असशील तर तो फाड. १० तारखेला मी पुण्याला येत आहे.

दानम्मा हत्तरकी

*

पुणे,
५ फेब्रुवारी २००३

ती. बाई,

तुम्ही येऊ नका. नळी कुरियरनं पाठवा. मी सांगेन, शेतात सापडली, आत काय आहे ते तुम्हीच बघा. तुमचं नाव कुठं यायची गरज नाही. चौकशीचे अधिकारी तिखट माणूस आहेत, मागच्या महिन्यात त्यांनी एका विंग कमांडरला रडवलं म्हणतात.

कागदावर सही केलेली नाही. तुमचं आणखी एक पत्र येईल असा माझा अंदाज होता. अंदाज माझे तसे बरोबर असतात, काटा मध्ये आला नाही तर.

आणखी एक कबूल करतो, नाहीतर तुम्ही माझ्या नावानं नवीन पान उघडाल. आजऱ्याला माझा मामा नाही. काजूचा कारखानाही नाही. तुम्हाला जरा वाईट वाटावं म्हणून लिहिलं होतं. काळ्या बोटांचं वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा जमलं.

थर्मामीटर गुंडूमामांनी फोडला हे मला तेव्हाच माहीत होतं. खिडकीबाहेर लक्ष होतं माझं, ते तुकडे झाडाखाली पुरत होते.

येऊ नका.

आकाराम

*

कोल्हापूर,
११ फेब्रुवारी २००३

चि. आकाराम यास आशीर्वाद.

सकाळी सुखरूप पोचले. तुझ्या पत्नीने दिलेली शिदोरी चांगली होती, पोळ्या जरा जाड होत्या.

तुला बाहेर बसवले होते, म्हणून आत काय झाले ते लिहिते. अधिकारी तिखट वगैरे काही नाहीत. नळी टेबलावर ठेवली. त्यांनी टाचणीने थोडे उकरून वास घेतला. म्हणाले, "बाई, आपण हे का केलंत?"

मी म्हणाले, "भोक होते म्हणून."

त्यांनी ते लिहून घेतले. मग म्हणाले, "आपण हे लेखी द्याल का?" मी तीन प्रती सोबत नेल्या होत्या. त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि प्रयोगाच्या कागदावर आले तेव्हा खुर्ची पुढे ओढली. पंख्याची गती मोजली होती का, असे विचारले. मी म्हणाले, मोजली नाही, ही प्रयोगातील उणीव आहे आणि ती शेवटी नमूद केली आहे. त्यानंतर ते माझ्याशी नीट बोलू लागले. कंपनीच्या वकिलाने हसून "अंधश्रद्धा" असा काही शब्द काढला. मी त्यांना विचारले की विमान माळावर आणून चार तास उभे केले, तेव्हा त्या नळीवर टोपण का नव्हते. टोपण असते हे मला चौकशीच्या अधिकाऱ्यांनीच दहा मिनिटांपूर्वी सांगितले होते. वकील पुढे हसले नाहीत.

परवाना राहिला, हे तुला बाहेर कळलेच. महिनाभर उड्डाण बंद, कारण पूजेनंतर तू पुन्हा तपासणी केली नाहीस. ते बरोबर आहे. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. "कोणत्याही समारंभानंतर विमान पुन्हा तपासावे" असे त्यांनी कंपनीला लेखी दिले आहे. "समारंभ" हा शब्द माझा. त्यांनी "पूजा" लिहिले होते, पण हार घालणारे मंत्रीही काही कमी नसतात.

वर्तमानपत्रात अजून काही आलेले नाही. आले तर कात्रण काढून ठेवीन. अण्णासोंना सगळे मीच सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे बाई, तुमचा हात लागला म्हणून आमी पिंजरात उतरलो. न्हाईतर कुठं दगडावर उतरलो असतो." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तानूबाईने व्हळी पुन्हा रचली आहे आणि ती विचारते आहे, विमान परत कधी येणार, म्हणजे ती आधी म्हशी बाजूला बांधेल. मार्चमध्ये परवानगी मिळाली की ये. मला वरून माझ्या घराचे छप्पर पाहायचे आहे, कौले कुठे सरकली आहेत ते खालून कळत नाही. पूजा तानूबाई करेल.

फुटतूट वही मी निवृत्त होताना शाळेतून घरी आणली होती, तीच काल पुण्याला सोबत आणली होती. तिच्यात काल केलेल्या नोंदीची नक्कल खाली देते. तुझ्याकडे जपून ठेव.

दानम्मा हत्तरकी

पान ११२. दिनांक १० फेब्रुवारी २००३.

काय बिघडले: विमान एक, कुंपण सात हात, पर्जन्यमापक एक, व्हळी अर्धी.

कोणाच्या हातून: दानम्मा हत्तरकी.

चौकशी अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिले: ॲल्युमिनियमची नळी, वीतभर, एका टोकाला वाकलेली, आत वाळलेली विभूती, न पुसता, न धुता. सायकलच्या दुकानातील नळी, प्रयोगाची, तीन निरीक्षणांच्या कागदासह. दोन्हींची पोच मिळाली.

आकाराम वरुटे याच्या ताब्यात दिले: याच वहीचे पान ४१, सन १९७४, थर्मामीटर, त्याची सही असलेले. सही रद्द केली आहे.

मिळाले. आ. वरुटे.